आबांच्या खोलीतलं बटण

नाही, नाही, तुम्ही मला आधी एक सांगा... पंख्याला रिमोट कशाला? टीव्हीला असतो, समजू शकतो, चॅनेल बदलायचे असतात. पंख्याला काय चॅनेल आहेत? आज जरा कात्रज घाटातलं वारं लावा, उद्या सिंहगडावरचं लावा, असं आहे का काही? पंखा हो, पंखा! एक दांडी, तीन पाती, गरगर फिरणं हा त्याचा धर्म. त्यासाठी हातात खेळणं घेऊन त्याच्यावर नेम धरायचा? आणि नेम चुकला तर? बसा घामात!

तुम्हाला सांगतो, मी संभाजी, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. आजूबाजूला काय काय भरून ठेवलेलं असायचं ते सांगत नाही, सांगायची परवानगीही नाही, पण कधी हात थरथरला नाही माझा. आणि निवृत्त झाल्यावर वारज्यात, स्वतःच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, एका पंख्यानं मला घाम फोडला. पंख्यानं घाम! काय बोलायचं यावर?

आणि माझं म्हणणं काय फार मोठं होतं? बटण दाबलं की पंखा लागला पाहिजे. बास. एवढंच.

तर झालं काय, आमचे चिरंजीव, इंद्रजीत. हिंजवडीला आयटीत आहेत. मागच्या दिवाळीत फ्लॅटचा ताबा मिळाला, आणि आम्ही राहायला यायच्या आधीच त्यांच्या मनात आलं की घराचं इंटीरियर करायचं. केलं. एक दाढीवाला गृहस्थ आला, त्यानं घरभर असं हिंडून पाहिलं, जसं काही आमच्याकडे चोरी झालीय आणि हा पंचनामा करायला आलाय, आणि मग भिंतीवरच्या बटणांकडे बघून म्हणाला, 'सर, धिस इज टू मच क्लटर.' म्हटलं म्हणजे काय? तर बटणं डोळ्यांना खुपतात म्हणे! अरे, बटणं काय बघायला लावतात का? दाबायला लावतात! पण ऐकतो कोण. त्यानं भिंतीला लाकडी फळ्या मारल्या, वर पीओपी केलं, आणि पंख्याला थेट लाइन देऊन टाकली. थेट! मध्ये बटणच नाही! लावायचा रिमोटनं, बंद करायचा रिमोटनं. रिमोट हरवला तर? 'नॉट टु वरी सर, ॲप आहे.' मी म्हटलं, तुमचा मोबाइल नंबर देऊन ठेवा, उकडायला लागलं की तुम्हालाच फोन करतो. त्याला वाटलं मी कौतुक केलं. कार्ड दिलं त्यानं मला.

बरं, माझं सोडा. मी शिकलो. रिमोटवर नऊ बटणं, एकावरही अक्षर नाही, नुसती चित्रं. एक चंद्र आहे, एक पान आहे, एक घड्याळ आहे. चंद्र दाबला की पंखा हळू होतो, पान दाबलं की काय होतं ते अजून कुणालाच कळलेलं नाही. पण आमचे आबा? माझे वडील, गेनबा, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. अहो, ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन आबांची. इथं, बरोबर आपल्या पायाखाली, आमची वांगी असायची. बिल्डरला जमीन दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले, आणि बांधकाम चाललं तेव्हा तीन वर्षं आबा रोज सकाळी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन समोर बसायचे. भाकरी तिथंच. मुकादम वैतागायचा, 'बाबा, घरी जावा ना.' आबा म्हणायचे, 'हेच घर हाय.' आता अशा माणसाला तुम्ही त्याच्याच घरात म्हणणार, आबा, चंद्र दाबा?

पहिल्या आठवड्यात काय झालं असेल? मी खोलीत गेलो तर आबा पंख्याखाली काठी उगारून उभे! पंखा सुरू होता बरं का, चांगला तीनवर फिरत होता, आणि आबा खालून काठी नाचवतायत. मी म्हटलं, आबा, अहो काय करताय? तर म्हणाले, 'ह्यो माझं ऐकत न्हाय.' मला वाटलं वारं पुरत नाही. मी आपला रिमोट शोधून पाचवर केला. आबांनी माझ्याकडे असं बघितलं... असं बघितलं... आणि काठी टेकत बाहेर जाऊन बसले.

तेव्हाच कळायला हवं होतं मला. नाही कळलं.

मग गेल्या गुरुवारी, जेवताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता आबा म्हणाले, 'शनवारी पाचाला रंगनाथ येनार हाय गाडी घिऊन. म्या चाललो सोजरकडं.' सोजर म्हणजे माझी थोरली बहीण, आम्ही आक्का म्हणतो, कात्रजला असते. रंगनाथ तिचा मुलगा. म्हटलं, चार दिवस जाऊन या की. तर आबा म्हणतात, 'चार दिस न्हाय. ऱ्हायाला.' म्हटलं, राहायला? कायमचं? का? तिथं काय आहे असं?

'तिथं बटण हाय.'

तुम्हाला खरं सांगतो, मला पुढे जेवण गेलं नाही. आबा शांत. चिडलेले नाहीत, ओरडत नाहीत, ताटातलं सगळं संपवलं, आणि जाताना म्हणाले, 'संभा, हितं माझ्या हातात एक बी गोष्ट न्हाय.' बास! एवढं बोलून हात धुवायला गेले. आता सांगा, हे ऐकून कुठल्या मुलाला झोप लागेल? माझी आई गेल्यापासून मी आणि आबा एकाच खोलीत झोपतो, दोन पलंग शेजारीशेजारी, दुपारची झोपसुद्धा बरोबर. बाप घर सोडून जाणार, तेही ज्याची जमीन त्यानंच, आणि कशापायी? लोकांना काय सांगू? वडील कुठे गेले? कात्रजला. का हो, भांडण झालं का? नाही, पंखा लागत नव्हता!

मी तिथंच ठरवलं. शनिवारी पाचच्या आत आबांच्या खोलीत बटण. भिंतीवर. दाबलं की पंखा लागला पाहिजे. एवढंच.

शुक्रवारी इंद्रजीत म्हणतो, 'बाबा, चिल. व्हॉइस कमांड आहे ना. आबांनी नुसतं बोलायचं.' आणि एक डबडं आणून ठेवलं आबांसमोर. म्हणे आबा, बोला, 'टर्न ऑन द फॅन.' आबांनी त्या डबड्याकडे बघितलं, नातवाकडे बघितलं आणि म्हणाले, 'म्या बैलासंगं बी मराठीत बोलायचो.' झालं! डबडं गेलं कपाटात. मग म्हटलं कंपनीलाच विचारावं, भिंतीवर बटण आणि रेग्युलेटर लावलं तर चालेल का. फोन लावला. 'आपका कॉल हमारे लिए बहुत महत्त्वपूर्ण है...' अहो इतकं महत्त्वपूर्ण आहे तर उचला की! वीस मिनिटं बासरी ऐकली मी. शेवटी एक बाई आल्या. 'सर, रेग्युलेटर लगाएंगे तो पंखे का सर्किट जल सकता है सर. और वायरिंग चेंज की तो वॉरंटी नहीं रहेगी सर.' किती वेळा सर! आणि इंद्रजीत मागून, 'बघा बाबा, वॉरंटी जाईल!' अरे, तुझा आजोबा जातोय, आजोबा! आजोबाची वॉरंटी आहे का कुठे? तरी तो पंख्याचं वॉरंटी कार्ड शोधून घेऊन आला, चांगलं जाडजूड, गुळगुळीत, आणि माझ्या नाकासमोर धरलं. मी घेतलं आणि खिशात टाकलं.

शनिवार उजाडला. वायरमन साईनाथ, वर्ध्याकडचा, कामाला फार चांगला, सोसायटीत सगळे त्यालाच बोलावतात. दहाला येतो म्हणाला. पावणेबाराला आला. आला, शिडी लावली, वर चढला, पीओपीच्या भोकात बॅटरी मारली आणि पहिलं वाक्य काय?

'हे कोनं केलं जी?'

मला एक सांगा, जगात असा वायरमन आहे का, जो आधीच्या माणसाला नावं न ठेवता कामाला हात लावतो? मी म्हटलं कुणी का केलेलं असेना, तुम्ही बटण द्या. तो म्हणाला, 'काका, बटन बसते ना. पण रेग्युलेटर नाही जमत ह्या पंख्याले, अंदरचं कार्ड जळून जाईन. नुसतं चालू-बंद देतो. स्पीड रिमोटनं एकदा तीनवर ठेवून द्या, तो ध्यानात ठेवते.' मी म्हटलं वा! उत्तम! करा. तर म्हणतो, 'पण वरतून खाली वायर आना लागते. पाईप कुठी हाय?'

पाईप कुठे आहे? मला काय माहीत? इंद्रजीतला काय माहीत? त्या दाढीवाल्याला फोन केला, तो बालीला! सुट्टीवर! साईनाथ म्हणाला पाईप नाही सापडला तर भिंत फोडावी लागेल, त्याला गवंडी लागेल, गवंडी सोमवारी. सोमवारी! आणि पलीकडे हॉलमध्ये आबा धोतर-टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन, खुर्चीत बसलेले. बाराला! गाडी पाचला आहे, हे बारापासून तयार!

म्हटलं साईनाथ, सोमवार विसरा. पाच वाजायच्या आत. काहीही करा.

आता इथं... इथं मी एक गोष्ट केली. घरात सगळे मला त्याबद्दल बोलतात. पण तुम्ही ऐकून घ्या आणि मग ठरवा. चौतीस वर्षांची सवय आहे ती. कारखान्यात विजेचं काम निघालं की मेन बंद करायचा, त्याला टाळं ठोकायचं, वर लाल पाटी लटकवायची, 'काम चालू आहे, हात लावू नये', आणि ज्याचा हात तारेत, टाळ्याची किल्ली त्याच्याच खिशात. का? तर तो वर असताना खालून कुणी शहाण्यानं मेन चालू करू नये! माणसं मरतात हो त्यानं. मी पाटी आणलेली आहे कारखान्यातून, निवृत्तीच्या दिवशी साहेबांना विचारून आणली. मी फ्लॅटचा मेन पाडला, पेटीला टाळं घातलं, पाटी लटकवली आणि किल्ली साईनाथच्या हातात दिली. तो म्हणतो, 'काका, टेस्टर हाय ना माझ्यापाशी.' मी म्हटलं, टेस्टरवर माझा विश्वास नाही. खिशात घाला. त्यानं घातली. बरोबर केलं की नाही मी? नियमाप्रमाणे केलं!

आणि साईनाथ म्हणाला, 'काका, वायर आनि बटन घेऊन येतो. दहा मिनिटांत आलो.'

गेला.

किल्ली घेऊन गेला.

पाच मिनिटांनी आतून इंद्रजीतची किंकाळी! 'बाबा! नेट गेलं! माझा कॉल चालू आहे, बाबा, प्रॉडक्शन डाऊन आहे!' मी म्हटलं, आमचंही प्रॉडक्शन डाऊन आहे, काम चालू आहे, पाटी वाच. तो धावत आला, टाळं बघितलं, म्हणाला किल्ली? म्हटलं साईनाथकडे. दुसरी किल्ली? म्हटलं नाही. 'नाही म्हणजे? टाळ्याला दोन किल्ल्या असतात बाबा!' असतात. दुसरी मी स्वतः कानशीनं घासून टाकली होती. कामाच्या टाळ्याला दुसरी किल्ली ठेवायची नसते, नियम आहे! इंद्रजीत हातोडी घेऊन आला, तर मी पेटीसमोर हात पसरून उभा. म्हटलं, तारेत हात घातलेला माणूस सुखरूप खाली येईपर्यंत हे टाळं उघडणार नाही!

'बाबा, तो माणूस तारेत नाहीये! तो मार्केटला गेलाय!'

आमची सौ., सत्यशीला, एरवी मध्ये पडत नाही, ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, 'अहो, निदान फ्रीजमधलं दूध तरी...' म्हटलं तापवून ठेव. गॅसला टाळं नाही.

एक वाजला. साईनाथ नाही. दीड वाजला. फोन लावला, वाजतोय, उचलत नाही. दोन वाजता उचलला. 'काका, एक अर्जंट आलं जी, कर्वेनगरले, पाण्याची मोटर बंद पडली, पब्लिक बोंबलून रायली. निघालोच.' निघालोच! तुम्हाला सांगतो, पुण्यात 'निघालोच' म्हणणारा माणूस त्या वेळी खुर्चीत बसलेला असतो, नाहीतर अंघोळीला. निघालेला कधीच नसतो! एप्रिल महिना, दुपारचे अडीच, घरात एकही पंखा नाही, दिवा नाही, इंद्रजीत मोबाइल खिडकीतून बाहेर धरून इंग्रजीत माफी मागतोय, मी पेटीसमोर पहाऱ्यावर, अंगातनं नुसत्या धारा, आणि डोळ्यांसमोर घड्याळ. तीन. सव्वातीन. मी आयुष्यात कधी देवाला काही मागितलं नाही, निवृत्तीचे पैसे लवकर मिळू देत असंही म्हटलं नाही, पण त्या दिवशी मनात म्हटलं, बाबा रे, वायरमन पाठव.

आणि आबा! आबा खुर्चीत एकदम निवांत. म्हणतात काय, 'आज लई बरं वाटतंय. घर कसं गप हाय.' मला वाटलं टोमणा मारतायत. म्हटलं आबा, होईल, लागेल पंखा, जरा दम धरा. आबांनी पिशवीचे बंद तेवढे सारखे केले.

चार वाजून वीस मिनिटांनी साईनाथ उगवला! वायरचं बंडल गळ्यात, हातात बटण, चेहऱ्यावर हसू. मला त्याला ओरडायचं होतं, पण आधी काम. तो म्हणाला पाईप. सगळे पाईप शोधायला लागलो. मी भिंतीला कान लावून बोटांनी टकटक करतोय, इंद्रजीत मोबाइलवर बिल्डिंगचा नकाशा शोधतोय, साईनाथ पीओपीतून लांब तार सारतोय, आत जाते आणि कुठेतरी अडकते. 'सरकूनच नाही रायली जी.' साडेचार. चार पस्तीस. मी म्हटलं फोडा! कुठंही फोडा! सौ. म्हणते, 'अहो, असं कुठंही कसं फोडायचं?'

आणि दारातून आवाज आला. 'पलंगामागं.'

आबा! काठी टेकत उभे, पिशवी काखेत.

'त्या फळीमागं डब्बा हाय. पंख्याची कळ तितंच व्हती. पायप सरळ वर गेलाय, आन कोपऱ्याला वळलाय. म्या समूर उभा व्हतो.'

अहो, तीन वर्षं समोर बसून या माणसानं प्रत्येक पाईप जाताना पाहिलेला! आणि आम्ही कुणाला विचारतोय? बालीला फोन करतोय! मी म्हटलं, आबा, अहो बारापासून बसलाय तुम्ही, सांगितलं का नाही? तर म्हणाले, 'इचारलं का कुणी?'

बोला!

साईनाथनं कटर काढला. पण कटरला वीज लागते! आणि मेनला टाळं! त्यानं माझ्याकडे बघितलं, इंद्रजीतनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. नियम तो नियम. शेवटी माळ्यावरून हातकरवत काढली. इंद्रजीत फळीसमोर आडवा, 'बाबा, ते इम्पोर्टेड विनियर आहे! बाबा, प्लीज! आणि पंख्याची वॉरंटी...' आणि तेव्हा सत्यशीला, माझी बायको, सदतीस वर्षांच्या संसारात जिनं कधी आवाज चढवला नाही, ती म्हणाली, 'इंद्रा, बाजूला हो. मामंजी जातायत. कापा हो भाऊ.' मला इतका अभिमान वाटला तिचा! सांगितलं नाही तिला, पण वाटला.

कर्र... कर्र... चार पंचेचाळीस. कर्र... चार पन्नास. चौकोन निघाला. आत बॅटरी मारली तर धुळीनं भरलेला, बिल्डरनं दिलेला पांढरा डबा, त्यात साधं पांढरं बटण आणि वरपर्यंत गेलेली तार, जशीच्या तशी! त्या दाढीवाल्यानं झाकून टाकलं होतं सगळं! साईनाथ म्हणाला, 'काका, वायर आनाची गरजच नव्हती.' मी त्याला म्हटलं, साईनाथ, आत्ता गप्प राहा. आत्ता मला काही बोलायला लावू नका. तो शिडीवर चढला, वरची थेट लाइन काढली, बटणाची जोडली.

आणि दारावर धाड धाड! बेल वाजत नाही ना, वीज कुठाय! रंगनाथ आला. पाचला दोन कमी. मला एक सांगा, या गावात कुणीही वेळेवर येत नाही, हा कसा आला? 'मामा, खाली गाडी रस्त्यात लावलीय, लवकर करा. चला आजोबा.' आणि आबा वळले. खरंच वळले हो! दाराकडे चालायला लागले. मी जाऊन त्यांची पिशवी धरली. नुसती धरून उभा राहिलो. म्हटलं आबा, दोन मिनिटं. माझ्यासाठी. आबांनी माझ्या हाताकडे बघितलं, पिशवी ओढली नाही.

मी ओरडलो, साईनाथ, किल्ली!

साईनाथनं पँटचा खिसा चाचपला. स्कूटरची. दुसरा खिसा. घराची. मागचा खिसा. काही नाही. 'थांबा जी... थांबा...' शर्टाचा खिसा, तंबाखूची पुडी काढली, आणि पुडीच्या घडीतून... किल्ली! मी आयुष्यात तंबाखूला इतका मान कधी दिला नव्हता. टाळं उघडलं. पाटी काढली. मोठ्यानं विचारलं, सगळे हात बाहेर? 'बाहेर जी!' मेन वर केला.

आबांना पलंगावर बसवलं. त्या कापलेल्या चौकोनात, अगदी उशीशेजारी, बटण. म्हटलं, आबा, तुम्ही दाबा.

आबांनी अंगठा ठेवला. खट.

पंखा लागला. फिरला हो! सगळे वर पंख्याकडे बघतायत, मी आबांकडे बघतोय. आबांनी जरा वेळ वर बघितलं आणि पुन्हा दाबलं. खट. पंखा हळूहळू थांबला. परत खट. लागला. परत खट. थांबला. असं पाच-सहा वेळा. मग आबांनी टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि म्हणाले, 'रंगनाथ, च्या घे आन जा. सोजरला म्हनावं, फुडल्या म्हैन्यात यिऊन जाईन.' मी पिशवी पलंगाखाली सरकवली आणि तोंड धुवायचं निमित्त करून बाथरूममध्ये गेलो. रडलो. सरळ सांगतो, रडलो. बाहेरून इंद्रजीतचा आवाज, 'बाबा, वॉरंटी गेली बरं का!' जाऊ दे रे, जाऊ दे!

बटण दाबलं की पंखा लागला पाहिजे, एवढंच तर म्हणत होतो मी. लागला. गोष्ट इथंच संपायला हवी होती की नाही?

दुसरा दिवस, रविवार. दुपारचं जेवण झालं, श्रीखंड होतं, आबा खूश, मी खूश. दोघं आपापल्या पलंगावर आडवे झालो. मी अभिमानानं म्हटलं, आबा, लावा पंखा. खट. काय वारं सुटलं! डोळे मिटले, आता लागणार, लागणार झोप... खट.

डोळे उघडले. पंखा बंद.

म्हटलं आबा, पंखा? म्हणाले, 'झालं की गार.' म्हटलं अहो दोन मिनिटं झाली! 'बास की तेवडं.' मी उठून बसलो. म्हटलं आबा, या पंख्यासाठी काय काय केलं कालच्या दिवसात! फळी कापली, पोराची नोकरी पणाला लावली, तुम्हाला पंखा लावता येईना म्हणून...

'आरं, लावायचं कोन म्हनलं?' आबा म्हणाले. 'मला त्यो बंद करायचा व्हता. दिसभर रिकाम्या खोलीत गरागरा फिरतोय, मानूस न्हाय कानूस न्हाय, तिकडं मीटर पळतोय. माजा जीव जळायचा. बंद करू तर कळ न्हाय. काठीनं बी थांबंना.'

काठी! आणि मी पाचवर केला होता!

म्हटलं आबा, मग सांगायचं ना! तर पुन्हा तेच, 'इचारलं का कुणी?' आणि कूस वळवून झोपले. अंगठा बटणावर ठेवून. घोरतायत, पण अंगठा बटणावर! मी जरा हात लांबवला की घोरणं थांबतं.

मग मी, हो, मीच, तुम्हाला हसायचं तर हसा, मी उठून ड्रॉवरमधला रिमोट काढला. नेम धरला. चंद्र दाबला. घड्याळ दाबलं. पानसुद्धा दाबलं. काही नाही! साईनाथ जाताना सांगून गेला होता ना, 'काका, भिंतीवरचं बटन बंद असन तर रिमोट चालत नाही बरं.' तेव्हा मी म्हटलं होतं, उत्तम!

तेव्हापासून असंच चाललंय. कालही तसंच. आत्ता इथं खाली तुमच्यापाशी यायच्या आधीसुद्धा तसंच. बटण आहे, वीज आहे, पंखा आहे, बाप घरात आहे. बाप घरात आहे हे मोठं, ते मी नाकारत नाही. फक्त उकडतं हो.

पण एक सांगतो, ते वॉरंटी कार्ड अजून माझ्या खिशात आहे. वॉरंटी गेली, पण कार्ड चांगलं जाड आहे... हे बघा, असं हलवलं की बऱ्यापैकी वारं लागतं.